नर्मदेच्या पात्रातील चित्रसृष्टी

क्रीडानौकेतून सागरविहार करीत चित्रपटांतील प्रसिद्ध स्थळे पाहण्याची हौस धनिक लोक भागवितात. पांढुर्णा-सौसरकडील आम्हां धान्यव्यापाऱ्यांस त्यासाठी जबलपूरनजीकचे भेडाघाट पुरेसे आहे. छिंदवाडामार्गे आम्ही तेथे गेलो व पंचवटी घाटावरून वल्ह्यांच्या नावेत बसलो. दोन्ही तीरांस सुमारे १०० फुटांपर्यंत उंच संगमरवरी कडे. कोठे दुधासारखे शुभ्र, कोठे निळसर, कोठे करडे. बंदरकूदनीपाशी ते इतके जवळ येतात की, पूर्वी वानरे या तीरावरून त्या तीरावर उडी घेत, अशी आख्यायिका आहे.

राज कपूर व पद्मिनी यांच्या 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०) या चित्रपटाचे काही चित्रण येथे झाले. पुढे 'अशोका'चेही (२००१). नावाडी यमके जुळवीत त्या जागा दाखवितो. नाव गंगेचे, पाणी मात्र नर्मदेचे! पोत्यावर एका गावाची छाप आणि आत दुसऱ्याच गावचा गहू, असा हा प्रकार आम्हांस वाटला. लोक मात्र कडे सोडून नटनटी कोठे उभी होती तेच विचारीत होते.

पावसाळ्यात नर्मदा चढली की नावा बंद होतात. वर्षाची मिळकत उरलेल्या महिन्यांतच साधावयाची. हे कळल्यावर आम्ही भाड्याची घासाघीस केली नाही, याचे बरोबरच्या तरुण मंडळींस फार नवल वाटले.