सोमवारची आमटी आमच्याकडे

आमच्या मांडणीत स्टीलची एक वाटी आहे. तिच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय : ‘मुंज, १९८४’. ती मुंज आमच्या घरातली नाही. समोरच्या काकूंच्या मुलाची. पूर्वी भांडी घेतली की दुकानदाराकडूनच त्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. ते हौसेसाठी तर होतंच, पण भांडं शेजारी गेलं तरी ओळखून परत यावं, हा त्यातला खरा हेतू. भांडी घराबाहेर जाणार, भरून जाणार, हे तेव्हा गृहीतच होतं.

ही वाटी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती २००६ च्या पावसाळ्यात. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलं आठ आणि चार वर्षांची. ऑफिस सुटून मी फास्ट लोकलनं डोंबिवलीला उतरेपर्यंत पावणेआठ व्हायचे. त्या दिवशी जिना चढून आले, तर काकू दारात उभ्या. हातात झाकलेली पातेली, आणि तिच्यावर ही वाटी. पातेलीत कुळथाचं पिठलं, वाटीत सासूबाईंसाठी मऊ भात. “हातपाय धू आणि जेवायला बसा. भांडी उद्या दे,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे मी मिरजेला आईकडे पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी वाटीत शेंगदाण्याची चटणी घालून दिली. चार दिवसांनी वाटी परत आली, तिच्यात आंबोशीचं लोणचं होतं. असं दोन महिने चाललं. मग आमच्या मजल्यावरच्या तिसऱ्या दारातल्या, भुसावळच्या वहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या, “तीन घरं, तीन कुकर, आणि तिघींचं रोज तेच : रात्री काय करायचं? त्यापेक्षा आपण वार वाटून घेऊ या का?”

तेव्हापासून सोमवार आमचा, बुधवार काकूंचा, शुक्रवार वहिनींचा. ज्या घराचा वार, तिथं तिन्ही घरांची आमटी, उसळ किंवा पिठलं व्हायचं. भात आणि पोळ्या ज्याच्या त्याच्या घरी. आम्ही बारा माणसं होतो. बारा जणांच्या आमटीला तीन वाट्या तूरडाळ लागते. पाच जणांच्या फोडणीला जेवढा वेळ, तेवढाच बारा जणांच्या फोडणीला. वाढतं ते चिरणं आणि निवडणं, ते घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घेतलं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आयतं कालवण मिळणं म्हणजे काय, ते दमून घरी येणाऱ्या बाईला विचारावं.

हे ऐकून सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, “म्हणजे वार लावून जेवणंच झालं की!” त्यांच्या वडिलांनी पुण्यात शिकताना वार लावले होते. गरीब विद्यार्थ्यानं सात घरं धरायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि असं शिक्षण पुरं करायचं. एका घराला एका पानाचं ओझं होत नाही, आणि मुलगा आठवडाभर जेवतो. अनेक पिढ्या अशा शिकल्या. त्यात लाचारीचेही प्रसंग असायचे, वाढणारा हात कधी आखडायचा, हेही त्या सांगायच्या. आमच्या वारात मात्र प्रत्येक घर देणारंही होतं आणि घेणारंही, त्यामुळे कुणाची मान खाली गेली नाही.

काकूंना तर माणसांना जेवू घालणं बाळपणापासून ठाऊक. गाव रत्नागिरीकडचं, पण वाढल्या लालबागला. वडील गिरणीत, आणि आई खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार अशा घरगुती खानावळींतच जेवत. पैसे महिन्याच्या पगारावर, पण वाण्याचं उधार आणि सावकाराचं व्याज रोज वाढणारं. अशा बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. काकू ते नाव आजही हात जोडून घेतात. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारी माणसं गावी परतली, आणि काकूंच्या आईची खानावळ बंद पडली. पण खानावळीतली एक शिकवण काकूंनी जपली : आयत्या वेळी दोन माणसं वाढली तर आमटीत पाणी ओतायचं नाही, भाताचं आधण वाढवायचं.

आमचे नियम थोडे होते. वाराला घरात एरवी होतं तेच करायचं, पाहुण्यांसाठीचं नाही. एकीनं पनीर केलं की दुसरीला कोफ्ते करावेसे वाटणार, आणि महिन्याभरात सगळं मोडणार, हे वहिनींनी आधीच ओळखलं होतं. मीठ-तिखट बेताचं, कारण त्यांच्या सासऱ्यांना रक्तदाब. ज्याला हवं त्यानं पानात वाढून घ्यावं. संकष्टी, एकादशी कुणाची, ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. आणि नाही जमलं तर दुपारपर्यंत सांगायचं, कारण विचारायचं नाही.

या वारांमुळे मला तीन प्रांतांची रोजची रात्रीची जेवणं कळली. सणाचे पदार्थ सगळ्यांना माहीत असतात, त्यांची पुस्तकं असतात, फोटो असतात. मंगळवारी रात्री साडेआठला एखाद्या घरात काय शिजतं, ते शेजाऱ्यालाच कळतं.

काकूंचं कुळथाचं पिठलं मी शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे माप नव्हतं. “अंदाजानं घालायचं गो.” मग एका बुधवारी मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले आणि त्यांच्या हातातलं पीठ, पातेल्यात जायच्या आधी, मुंजीच्या वाटीत घालून मोजलं. तेलात मोहरी, हिंग, हळद, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. त्यावर पाणी, मीठ, चार आमसुलं. कुळथाचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून, पाण्याला उकळी आली की एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं तर वरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गुठळी होते ती अशी. मग सात-आठ मिनिटं रटरटू द्यायचं, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. निवताना ते आळतं, म्हणून गॅसवर असताना जरा पातळच हवं. मोजलं तेव्हा कळलं : एक वाटी पीठ आणि कालवायच्या पाण्यासकट सहा वाट्या पाणी. चार-पाच माणसांना पुरतं.

घरी येऊन मी तसंच केलं, तर उलथनं उभं राहील इतकं घट्ट झालं. काकूंनी येऊन पाहिलं आणि विचारलं, “पीठ कशानं मोजलंस? पाणी कशानं?” पीठ मी डब्यातल्या मोठ्या वाटीनं घेतलं होतं, पाणी माठाजवळच्या छोट्या वाटीनं. काकूंनी दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या, लहान वाटी भरून पाणी मोठीत ओतलं. ती पाऊणही भरली नाही.

त्या दोन वाट्या पाहून मला पाककृती म्हणजे काय ते समजलं. वाटी किती मोठी, याला महत्त्व नाही. पीठ जिनं मोजलं, तिनंच पाणी मोजायचं, म्हणजे प्रमाण चुकत नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं. त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली. ज्या घरात तराजू नाही तिथंही वाटी असतेच. लग्नात आईनं दिलेली माझी प्रत आज तेलाच्या डागांनी पारदर्शक झाली आहे. जिथं डाग जास्त, ते पान आमच्या घरात जास्त शिजलं.

शुक्रवारी वहिनींकडे बहुतेक वेळा वरणफळं. त्यांना आम्ही मिरजेकडे चकोल्या म्हणतो. तूरडाळ हिंग-हळद घालून मऊ शिजवून घोटायची, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, आणि नेहमीच्या वरणापेक्षा बरंच पातळ करून उकळत ठेवायचं, कारण फळं पाणी शोषून घेतात. कणकेत तिखट, हळद, ओवा, मीठ आणि थोडं तेल घालून ती घट्ट मळायची, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची. फळं उकळीत एकेक करून सोडायची, एकदम ओतली तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. पानात वरून तूप. वहिनी गूळ घालत नाहीत, मला चिंच-गूळ आणि गोडा मसाला हवाच असतो. वीस वर्षांत दोघींनी एकमेकींच्या पद्धतीनं करून पाहिलं, आणि दोघी आपापल्या पद्धतीवर परत आलो. पण माझ्या मुलाला वहिनींची तिखट वरणफळंच आवडतात, तो तीच करतो.

सोमवारची आमची आमटी साधी. तिच्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण नव्यानं करणाऱ्यांचं तिथंच बिनसतं. पहिली, चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावर. आंबट आधी पडलं तर डाळ दडदडीत राहते. डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ शिजताना विरघळतो तेव्हा डाळ मऊ होते, आणि आंबटपणा त्याला विरघळू देत नाही. काकूंच्या भाषेत, “आमसूल आधी टाकलंस की डाळ रुसते.” दुसरी गोष्ट फोडणी. तेल तापलं की नाही हे एक मोहरी टाकून पाहावं. ती लगेच तडतडली तर बाकीची टाकावी, सगळी तडतडू द्यावी, नाहीतर दाताखाली कडवट लागते. मग जिरं, मग हिंग. हळद आणि तिखट गॅस बारीक करून अगदी शेवटी, कारण तापल्या तेलात ती दोन-चार सेकंदांत करपतात. मसाल्यांचा वास आणि हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात नीट उतरतो, म्हणून एवढ्याशा फोडणीनं पातेलंभर आमटीला चव येते.

आणि वरण-भाताला, खिचडीला कुणी ‘नुसतं’ म्हणू नये. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात असतं. दोन्ही एका पानात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दमलेल्या रात्री एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि साडेचार वाट्या पाणी कुकरला लावलं तरी ते पूर्ण जेवण आहे. त्यावर तूप, सोबत पापड.

कुणाला असं सुरू करायचं असेल तर मी सांगेन, दोन किंवा तीनच घरं घ्या. मोठा गट केला की हिशेब सुरू होतो. आठवड्यातून एकच वार ठरवा. काय चालत नाही ते आधी विचारा, कांदा-लसूण, दाण्याचं कूट, गूळ. भात द्यायचा असेल तर ताजा आणि गरम द्या, सकाळपासून बाहेर राहिलेला नको. आणि पदार्थाबरोबर कृतीही द्या. “कसं केलंत?” असं कुणी विचारलं तर ओट्याशी बोलावून दाखवा. हातचं राखून ठेवण्यासारखं रोजच्या आमटीत काय असणार?

काका गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, काकू मुलाकडे बंगळुरूला गेल्या. बुधवार आता माझा मुलगा सांभाळतो. मुंजीची वाटी जाताना त्यांनी मागितली नाही, मीही काढून दिली नाही. दिवाळीत त्या आल्या की तिच्यात काहीतरी घालूनच त्यांच्या पुढ्यात ठेवते, आणि निघताना त्या ती परत आमच्या मांडणीत लावून जातात.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा फोन आला. ती पुण्यात शिकते, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते. “आजी म्हणते अंदाजानं घाल. नीट माप तुमच्याकडेच आहे म्हणे.” मी तिला सांगितलं : एक वाटी पीठ, सहा वाट्या पाणी, सात-आठ लसूण पाकळ्या, चार आमसुलं.

“पण काकू, आमच्याकडे वाटीच नाही. चहाचे मग आहेत.”

“मग अर्धा मग पीठ घे, आणि त्याच मगानं तीन मग पाणी.”

“तिघींना पुरेल?”

“पुरून उरेल. समोर कोण राहतं?”

“एक आजी-आजोबा आहेत. ओळख नाही अजून.”

“झाकणाचा डबा आहे ना? त्यात घालून गरम आहे तोवर नेऊन दे,” मी म्हटलं.