मंडईतली पिशवी आणि ऑलिव्हची बाटली

"डॉक्टरसाहेब, ऑलिव्हचे तेल सुरू केले आहे. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला दवाखान्यात किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तर विचारलेही नाही. पेन्शनीतून दर महिन्याला परदेशी तेलाची बाटली आणायची, रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे प्यायचे आणि जेवण मात्र पूर्वीचेच, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रक्तदाबाची गोळी त्यांनी स्वतःच बंद करून टाकली. सहा महिन्यांनी डोके गरगरते म्हणून आले तेव्हा रक्तदाब १९०/११० भरला आणि वजन चार किलोंनी वाढलेले होते.

दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. "भूमध्य समुद्राकडची माणसे ऑलिव्हचे तेल खातात, त्यांना हृदयविकार कमी होतो," असे मीच कधीतरी रुग्णांच्या गर्दीत त्यांना बोलून गेलो होतो. ते बोलणे अर्धवट होते. उरलेले अर्धे मला गेल्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या बार्सिलोना शहराच्या एका मंडईत पाहायला मिळाले.

आमची मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असते. तिच्या घराजवळ सांत आंतोनी नावाची मंडई आहे. प्रवासी लोक पाहायला जातात ती बोकेरिया नावाची प्रसिद्ध मंडई वेगळी. सांत आंतोनी ही मोहल्ल्याची मंडई, आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी रोजचा भाजीपाला, मासळी घ्यायची जागा. तीन आठवडे मी जवळजवळ रोज सकाळी मुलीची पिशवी घेऊन तेथे जात असे. (घरात दुसरे काम नव्हते, हेही खरे.)

या मंडईचा इतिहास डॉक्टरांना आवडावा असा आहे. जुने बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेले होते. अरुंद गल्ल्या, हवा नाही, ऊन नाही आणि वरचेवर साथी. १८४१ साली पेरे फेलिप मोन्लाऊ या डॉक्टरने 'तट पाडा' अशा अर्थाचा निबंधच लिहिला. आरोग्यासाठी हा तट गेला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. १८५४ पासून तट पाडायला सुरुवात झाली आणि बाहेर इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने रुंद रस्त्यांची, उजेडाची नवी वस्ती आखली. पूर्वीच्या सांत आंतोनी वेशीच्या बाहेर १८८२ साली ही लोखंडी मंडई उभी राहिली. वरून पाहिले तर फुलीच्या आकाराची, मधोमध उंच घुमट. नऊ वर्षे दुरुस्ती चालून २०१८ मध्ये ती पुन्हा उघडली. खोदकामात जुन्या तटाच्या बुरुजाचे अवशेष निघाले, ते तळघरात तसेच जपून ठेवले आहेत. भोवतालच्या रस्त्यांवर आता मोटारींना आळा घातला असून बाके टाकली आहेत. म्हातारी माणसे बाजार करून तेथे बसतात.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मासळीच्या गाळ्यापुढे रांगच नव्हती, बायका इकडेतिकडे उभ्या राहून बोलत होत्या. मी सरळ पुढे गेलो तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तेथे रीत अशी की आल्यावर "शेवटचे कोण?" असे मोठ्याने विचारायचे. कोणी हात वर करतो, त्याच्यानंतर आपली पाळी. तोवर कुठेही उभे राहा. दुसरी रीत म्हणजे भाजी-फळाला हात लावायचा नाही. काय हवे ते सांगायचे, विक्रेता निवडून देतो. आपल्याला हे पटणे कठीण. वांगे दाबून पाहिल्याशिवाय आपण घेतो का?

पाळीची वाट पाहताना माझा एकच उद्योग, तो म्हणजे इतरांच्या पिशव्यांत डोकावणे. तेथल्या आजीबाई चाकांची उभी पिशवी मागे ओढत बाजाराला येतात. सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका घरापासून चालत यायच्या, चार गाळे फिरायच्या, चालत परत जायच्या, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा हजर. हा व्यायाम कुठल्याच आहारतक्त्यात लिहिलेला नसतो.

आणि त्या पिशवीत काय होते? ऑलिव्ह तेलाची बाटली क्वचित एखादीत. पालक, टोमॅटो, कांदे, फ्लॉवर, डाळिंबे, संत्री. ऑक्टोबर असल्याने रानातल्या नारिंगी अळंब्या आणि भाजायचे चेस्टनट. कागदात गुंडाळलेली मासळी. अक्रोड-बदामाचा पुडा. आणि मला सर्वांत नवल वाटले ते शिजवलेल्या कडधान्यांचे. एका गाळ्यावर मोठाल्या परातींत उकडलेले काबुली चणे, पांढरा घेवडा, मसूर वाफाळत ठेवलेले असतात आणि ते वजनावर मिळतात. भिजवण्याचा, शिजवण्याचा वेळ नसलेली नोकरदार बाई अर्धा किलो चणे घेते, घरी जाऊन त्यात पालक आणि लसूण घालते, जेवण तयार. मी मुलीला म्हटले, "ही तर आपली उसळ!" तिने डोळे मोठे केले, पण नाकारले नाही.

मासळीचे गाळे पाहण्यासारखे. प्रत्येक माशापुढे पाटी. नाव, शास्त्रीय नाव, समुद्रात पकडलेला की तळ्यात पोसलेला, कुठल्या समुद्रातला, किलोचा भाव. युरोपात हे कायद्यानेच लिहावे लागते. तारल्या, बांगड्याचे भाऊबंद, माकूळ ही मंडळी आपल्या कोकणी वाचकांना परकी वाटणार नाहीत. स्वस्त, तेलकट अशी ही मासळीच हृदयाला जास्त उपयोगी. मांदेलीच्या कुळातला एक छोटा मासा तिकडे न शिजवता व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. त्यात अनिसाकिस नावाचा बारीक जंत असू शकतो. व्हिनेगरने तो मरत नाही, पोटात दुखणे आणि ॲलर्जी असे दोन्ही त्रास देतो. म्हणून २००६ पासून स्पेनमधील उपाहारगृहांना असा मासा आधी गोठवूनच द्यावा लागतो, आणि घरी करणाऱ्यांना पाच दिवस गोठवण्याचा सल्ला दिला जातो. आपण मासा चांगला शिजवतो, तेवढ्यानेच हा जंत मरतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. याच मंडईत खारवलेल्या कॉड माशाचे गाळे आहेत. तो मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्याशिवाय खाता येत नाही, इतका खारट. छताला डुकराच्या मिठातल्या मांड्या टांगलेल्या, बरण्यांत खारातली ऑलिव्ह. रक्तदाबाच्या रुग्णाने या गाळ्यांपुढून भरभर चालावे हे उत्तम. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तिकडचे सगळेच पथ्याचे, असे कोणी समजू नये. शिवाय तिकडची तरुण पिढी मॉलमधले पाकीटबंद अन्न उचलू लागली असून शाळकरी मुलांचा लठ्ठपणा ही स्पेनच्या डॉक्टरांचीही चिंता झाली आहे.

ज्या संशोधनामुळे ऑलिव्ह तेलाचा एवढा बोलबाला झाला, त्याचे प्रमुख डॉ. रामोन एस्त्रुक हे याच शहरातल्या 'हॉस्पिटल क्लिनिक'चे. मंडईपासून ते रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 'प्रेदिमेद' नावाच्या या अभ्यासात स्पेनमधली ७,४४७ माणसे घेतली होती. हृदयविकार अजून झालेला नाही, पण मधुमेह, रक्तदाब यांमुळे होण्याचा धोका आहे, अशी ५५ ते ८० वयाची. त्यांचे तीन गट केले. पहिल्या दोन्ही गटांना भाज्या, फळे, कडधान्ये, मासळी असा भूमध्य पद्धतीचा आहार शिकवला. त्यांपैकी एकाला घरटी आठवड्याला लिटरभर ऑलिव्ह तेल दिले, दुसऱ्याला रोज मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम अक्रोड-बदाम. तिसऱ्या गटाला स्निग्ध पदार्थ कमी करा असे सांगितले. सुमारे पाच वर्षांनी पाहिले तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण तिसऱ्या गटात शेकडा ४.४ होते, तेलाच्या गटात ३.८ आणि सुक्या मेव्याच्या गटात ३.४. इतर बाबींचा हिशेब धरून धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाला, असे अनुमान निघाले. हा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे असे उघडकीस आले की काही ठिकाणी गट पाडताना नियम नीट पाळले गेले नव्हते. एकाच घरातल्या दोघांना एकाच गटात घातले होते, असे प्रकार. संशोधकांनी २०१८ मध्ये तो निबंध मागे घेऊन, नव्याने हिशेब करून पुन्हा छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, भाषा मात्र जपून वापरलेली. चूक अशी उघड मान्य करणे मला आवडले.

यातली दोन वाक्ये गुरुजींना कोणी सांगितली नव्हती. तेल त्या सबंध आहाराच्या जोडीला होते, आणि त्यातल्या पुष्कळांच्या रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालूच होत्या. शिवाय कोणतेही तेल घ्या, मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतातच. जेवणाच्या वर दोन चमचे प्यायले की वजन वाढणारच.

तेलाच्या गाळ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळे बाटलीबंद, लेबल लावलेले, सुटे काहीच नाही. स्पेनला याचा फार कडू धडा मिळालेला आहे. १९८१ च्या मे महिन्यात माद्रिदच्या आसपास ताप, खोकला, दम लागणे अशी विचित्र साथ आली. डॉक्टरांना तो न्यूमोनिया वाटला. डॉ. ताबुएन्का या बालरोगतज्ज्ञांनी पाहिले की अगदी तान्ही बाळे आजारी पडत नाहीत. मग कोण काय खाते याची चौकशी करता करता माग लागला तो पाच-पाच लिटरच्या बिनलेबलच्या कॅनमधून फिरते विक्रेते विकत असलेल्या स्वस्त तेलाचा. कारखान्यांसाठी आणलेले, खाण्यात येऊ नये म्हणून ॲनिलीन हे रसायन मिसळलेले रेपसीडचे तेल खाण्याचे तेल म्हणून लोकांना विकले गेले होते. वीस हजारांवर माणसे आजारी पडली, तीनशेहून अधिक दगावली आणि कित्येकांचे स्नायू व नसा कायमच्या अधू झाल्या. मेले ते बहुतेक गरीब वस्त्यांतले. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने अंगाला सूज येऊन साठावर माणसे गेली, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. आजही आपल्या बाजारात घरून डबा नेऊन सुटे तेल आणणारे पुष्कळ आहेत. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, पण सीलबंदच घ्या.

परत आल्यावर गुरुजींना बोलावून घेतले. बाटली आधी बंद करायला सांगितली, गोळी पुन्हा सुरू केली. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल चालेल, पण घरात माणशी महिन्याला अर्धा लिटरपेक्षा जास्त नको. रोज एक वेळ मोड आलेल्या कडधान्याची उसळ, बाजारात असेल ती पालेभाजी, मूठभर भाजलेले शेंगदाणे बिनमिठाचे. लोणचे, पापड, खारे सुके बोंबील यांना तेच सांगितले जे तिकडच्या खाऱ्या कॉडला. आणि आठवडी बाजाराला मोटारसायकल न्यायची नाही, पायी जायचे. गुरुजी म्हणाले, "एवढ्यासाठी तुम्ही स्पेनला गेलात?" दोन महिन्यांनी त्यांचा रक्तदाब १४०/८६ भरला. वजन मात्र अजून दीडच किलो उतरले आहे. पापड सुटलेला नाही, असे वहिनींनी परस्पर कळवले आहे.