दिवा पेटलाय, पण पाणी गारच!

आजचा भाग कोडबद्दल नाही, गिझरबद्दल आहे. डिसेंबरमध्ये आई पुण्याला माझ्याकडे राहायला आली होती. थंडीत तिचे गुडघे धरतात. सकाळी कढत पाण्याने शेकल्याशिवाय तिला जिना उतरवत नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या १५ लिटरच्या गिझरने संप पुकारला. लाल दिवा छान पेटलेला, पाणी मात्र गार.

पहिली गंमत इथेच आहे. बऱ्याच गिझरवरचा तो लाल दिवा फक्त एवढंच सांगतो की वीज आलीये. आतली कॉइल वीज खातेय की नाही, हे तो सांगतच नाही. म्हणजे सर्व्हर चालू आहे, पण काम करतोय का ते माहीत नाही, तसं. मग बघायचं कुठे? विजेच्या मीटरवर. त्यावर एक छोटा लाल एलईडी लुकलुकतो, आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. गिझर २ किलोवॉटचा, म्हणजे तासाला २ युनिट, ६४०० लुकलुक. दहा सेकंदांत साधारण अठरा. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फक्त गिझर लावला आणि मीटरसमोर उभा राहिलो. एलईडी ढिम्म.

म्हणजे कॉइलपर्यंत वीज पोचतच नव्हती. प्लग काढला, एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि मगच खालचं झाकण उघडलं. (हे जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाथरूममध्ये २३० व्होल्टशी हिरोगिरी नको.) मल्टीमीटरने कॉइल मोजली. २ किलोवॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम यायला हवा, माझा २७ आला. कॉइल ठणठणीत. थर्मोस्टॅटही ठीक दिसला. तुटलेला होता तो थर्मल कटआउट. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारा हा छोटासा तुकडा. त्यावर एक बारकं बटण असतं. दाबलं, टक् आवाज आला, वीस मिनिटांत गरम पाणी. आई खूश, मी स्वतःवर खूश.

तीन दिवसांनी पुन्हा गार.

ऑफिसची गडबड होती म्हणून यावेळी एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "साहेब, कटआउटच काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो. परत कटकट नाही." खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. मग डोक्यात आलं, आपण एरर मेसेज बंद करतोय, एरर नाही. कटआउट विनाकारण कशाला पडेल? मिस्त्रींना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

आता जरा गणित. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६०ला न्यायला सुमारे २५०० किलोजूल लागतात. २ किलोवॉटने म्हणजे एकवीस मिनिटं. तेवढ्यात थर्मोस्टॅटने वीज तोडली पाहिजे. कटआउट रीसेट केला, मोबाईलवर टायमर लावला आणि पुन्हा मीटरसमोर. एकवीस झाली, पंचवीस झाली, एलईडी जोरातच. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मीच बंद केलं. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट आतून चिकटले होते. गार पाण्यात मोजताना तो चांगलाच वाटणार, कारण तेव्हा तो जोडलेलाच असायला हवा! मीटिंगमुळे आंघोळ लांबली आणि गिझर चालूच राहिला की पाणी तापत जायचं आणि शेवटी कटआउट पडायचा.

कटआउट काढला असता तर? बंद टाकीत, दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही वाफ होत नाही. पण टाकी फुटली आणि दाब सुटला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो हे खरं, पण आमच्याकडे बोअरचं पाणी. फ्लँज उघडल्यावर कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर निघाला. व्हॉल्व्हमध्येही तोच क्षार अडकतो. आणि त्या टाकीखाली रोज सकाळी आई पाटावर बसणार होती.

क्षाराबद्दल एक गैरसमज. क्षारामुळे वीज वाया जात नाही, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण थराखाली कॉइल फार तापते आणि जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला तर त्यालाही तापमान उशिरा कळतं.

शेवटी थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही त्याच रेटिंगचे नवीन बसवले, कॉइल साफ केली, झिजलेला मॅग्नेशियम रॉड बदलला. नळातून पाणी यायला लागल्यावरच स्विच लावला, कारण रिकाम्या टाकीत कॉइल लगेच जळते. आणि हो, गिझर लावताच आरसीसीबी पडत असेल तर प्रकरण वेगळं आहे, विजेची गळती आहे. तेव्हा पाण्याला हात लावू नका, सरळ प्लग काढा.

बाविसाव्या मिनिटाला एलईडी मंदावला. आई बाथरूमच्या दारातून ओरडली, "अरे, झालं का तुझं? मी जाऊ?"