गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही – असे का?

एरवी पहिल्याच प्रयत्नात सुरू होणारी मोटार एखाद्या दिवशी अडून बसते. चावी फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. पाच मिनिटांनी तीच गाडी आपोआप सुरू होते. अशा वेळी पुष्कळ जण नवी बॅटरी आणतात. परंतु दोष अनेकदा बॅटरीत नसून तिच्या अग्रावरील जोडणीत असतो.

‘दिवे तर लख्ख लागतात, मग जोडणी खराब कशी?’ असे कोणी विचारील. समजा, अग्रावर पांढरट पूड जमून तेथे ०.०४ ओहम रोध निर्माण झाला आहे. पुढच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर विद्युतधारा लागते. ओहमच्या नियमाप्रमाणे जोडणीवर १० × ०.०४ = ०.४ व्होल्ट खर्च होतात. दिव्यांना हे जाणवतही नाही. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला (म्हणजे ‘सेल्फ’ला) मात्र शंभर अँपिअर किंवा त्याहूनही अधिक धारा लागते. १०० अँपिअर धरले तरी जोडणीवरच ४ व्होल्ट संपतात! उरलेल्या विभवांतरावर इंजिन फिरत नाही. उष्णतेने व हादऱ्यांनी धातूचे स्पर्शबिंदू बदलतात, त्यांबरोबर रोधही बदलतो. म्हणून दोष कधी दिसतो, कधी लपतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हा दोष धारा वाहत असतानाच मोजला पाहिजे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या अग्रावर, दुसरे त्यावरील पट्टीवर टेकवा आणि दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगा. चांगल्या जोडणीवर वाचन शून्याच्या जवळ असते. अर्धा व्होल्ट दिसला तर जोडणी सदोष. नंतर दोन्ही अग्रांमधील विभवांतर याच रीतीने मोजा. ते ९.६ व्होल्टच्या खाली गेले तरच बॅटरीवर संशय घ्यावा.

दुरुस्ती सोपी आहे. गाडी बंद करून आधी ऋण अग्राची पट्टी सोडवा. म्हणजे धन बाजूला पाना लावताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तेव्हा जवळपास विडी-काडी नको. पुडीत आम्ल असते म्हणून हातमोजे व चष्मा घाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड धुवा, पुसा, धातू चकचकीत होईतो घासा. आधी धन, मग ऋण पट्टी घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा.

ओहमचा नियम शिकवताना हेच गणित फळ्यावर मांडून पाहा. ‘एवढासा रोध’ केव्हा मोठा ठरतो, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.