नकाशात रापण कुठे?

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण लागते, तेव्हा एक होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेर घेते आणि जाळ्याचे दोन्ही दोर काठावर येतात. मग ओढायला गाव उतरतं. पुरुष, बायका, शाळा सुटलेली पोरं, कधी पाय भिजवायला आलेला पर्यटकही. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. या मासेमारीला काठावर यंत्र लागत नाही. लागते ती लांबलचक, मोकळी पुळण. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ती रिकामी, इतर वेळीही दिवसातले कित्येक तास रिकामीच. उपग्रहाच्या छायाचित्रावर रेघा ओढणाऱ्याला तिथे काय दिसणार? वाळू.

सिंधुदुर्गात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नियोजनाची चर्चा निघाली की तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांना मिळून 121 किलोमीटरचा किनारा. 1997 मध्ये ‘पर्यटन जिल्हा’ हा शिक्का बसला आणि तेव्हापासून आराखड्यांची रांग लागली आहे. रेवसपासून वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग आखला गेला. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने कोकणातल्या 1,635 गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या संस्थेने गावं कशी वाढावीत तेही ठरवायचं, ही व्यवस्था अनेकांच्या पचनी पडलेली नाही, आणि त्यात नवल नाही.

पण किनाऱ्यावरच्या लोकांचं मत एकच आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. 2019 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेनुसार, लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 50 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. बाकी गावांत ती 200 मीटर. सिंधुदुर्गाची घनता 2011 च्या जनगणनेत 163 होती. म्हणजे इथल्या बहुतेक गावांना 200 मीटरच लागू. तारकर्लीत चार खोल्या वाढवू पाहणाऱ्याला हा नियम जाच वाटतो. जुन्या घराचा पाया, रचना आणि दर्शनी भाग न बदलता न्याहारी-निवास चालवता येतो, पण घरात दोन लग्नं झाली की तेवढ्यात भागत नाही. त्याच्याच शेजारच्या रापणकराला मात्र हेच 200 मीटर म्हणजे बाहेरच्या हॉटेलवाल्यापासून मिळालेलं संरक्षण वाटतं. कधी कधी हे दोघे सख्खे भाऊ असतात.

देवबागला प्रश्न आणखी वेगळा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर गाव. तिथे ‘दीर्घकालीन’ म्हटलं की आधी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं नाव निघतं.

संवर्धनाबद्दलही बाहेर गैरसमज फार. 1987 मध्ये मालवणजवळचं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यावरून त्यांना निसर्गाचं सोयरसुतक नाही, असा निष्कर्ष काढणारे शहरात पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात पर्ससीन जाळ्यांना आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला आवर घाला, म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली ती याच पारंपरिक मच्छीमारांनी. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. मासा टिकावा हे त्यांनाही हवंच आहे; आपल्याला वगळून आखलेली हद्द नको आहे.

किनाऱ्यावरून वर चढलं की सडा लागतो. महसुली कागदात पुष्कळदा पोटखराब म्हणून नोंदलेला हा कातळ प्रकल्पांना नेहमीच सोयीचा दिसतो. पण पावसाळ्यात गुरं तिथेच चरतात, खालच्या विहिरींचं पाणी तिथूनच मुरतं, आणि मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

लोकांना विचारायची तरतूद कायद्यात आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो. मच्छीमारांच्या घरांच्या पुढच्या गरजा लक्षात घेऊन त्यांची योजना करावी, असंही सीआरझेडचा नियम सांगतो. अडचण वेळेची आहे. मसुदा हाती येतो तोवर रेघा ओढून झालेल्या असतात. त्यात सातबारा सामायिक. निम्मी नावं मुंबईत, लालबाग नाहीतर विरारला. जमीन चाकरमान्याची, पुळणीवर राबणारा गावातला, आणि सुनावणी अशा दिवशी की दोघांनाही यायला जमत नाही.

शेजारच्या गोव्याने हे उलट्या क्रमाने करून पाहिलं. लोकक्षोभामुळे 2007 च्या सुरुवातीला तिथला ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्याच्या कृतिदलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते आणि गावांचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींकडे गेले. 2012 मध्ये सरकार बदललं आणि तोही आराखडा स्थगित झाला. राजकारणाचा भरवसा नाही, हे खरं. पण गाव स्वतःचा नकाशा वाचू शकतं, एवढं तिथे दिसलं.

सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांना हे काम सुनावणीची वाट न पाहता करता येण्यासारखं आहे. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढ्याच मजकुराची हरकत एका ओळीत निकाली निघते. त्याऐवजी गट नंबर टाकून लिहावं: इथे इतक्या होड्या पावसाळ्यात वर काढतो, इथे बायका मासळी सुकवतात, या पाणंदीने खाडीवर जातो, या सड्यावर अमुक वाडीची गुरं असतात. असा तक्ता ठरावाला जोडला की नकाशाशी ताडून पाहण्यासारखं काहीतरी हातात येतं. आणि प्राधिकरणाला चाकरमान्यांची मतं खरोखर हवी असतील, तर सुनावणी गणेशचतुर्थीच्या आठवड्यात ठेवावी. फक्त आरतीची वेळ सोडून.