सरासरीत दडलेले रुग्ण

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी ताल सोडून नुसतं थरथरत राहणं. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाला जिना चढताना दम लागतो, तर कुणाला काहीच जाणवत नाही आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत ते सापडतं. चिठ्ठीवर रोगाचं नाव मात्र सगळ्यांच्या एकच.

हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांना बीटा ब्लॉकर दिल्यास मृत्यू टळतात, हे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केलं होतं. पण पंपिंगही कमी आणि तालही बिघडलेला, अशा रुग्णांत तो फायदा दिसेना. मग औषध या सगळ्यांनाच निरुपयोगी म्हणायचं का?

बर्मिंगहॅम विद्यापीठातले दीपक कोटेचा आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला भिडले. नवी चाचणी न घेता त्यांनी जुन्या नऊ चाचण्यांतल्या १५,६५९ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत २,८३७ जणांना एट्रियल फिब्रिलेशन होतं. वय, लक्षणं, इतर आजार, एकोतलं पंपिंग अशी प्रत्येकाची माहिती न्यूरल नेटवर्कने मोजक्या आकड्यांत दाबून बसवली आणि त्या आकड्यांवरून एकमेकांच्या जवळचे रुग्ण एकत्र आणले. कोण कुठल्या गटातला, हे यंत्राला आधी कुणी शिकवलं नव्हतं. मला या कामाचं मोल इथेच वाटतं: एकेका मुद्द्याने रुग्ण वेगळे काढण्याऐवजी अख्खा माणूस एकदम विचारात घेतला गेला.

ताल बिघडलेल्यांचे पाच गट पडले. चारांत औषधाचा ठोस फायदा नव्हताच. पाचवा गट तुलनेने तरुण आणि मृत्यूचा धोका कमी असलेल्यांचा. त्यांचं पंपिंग मात्र इतरांइतकंच खालावलेलं. या गटात ऑड्स रेशो ०.५७ आला, म्हणजे मृत्यूची शक्यता ठळकपणे घटलेली. सगळ्यांच्या मिळून काढलेल्या सरासरीत हीच माणसं बुडून गेली होती. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'ने हा निष्कर्ष छापला.

तरी घाई नको. ०.५७ हा आकडा प्रत्यक्षात ०.३५ ते ०.९३ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि चाचण्या संपल्यावर पाडलेला गट हा पुरावा नव्हे, पुढच्या चाचणीचं निमंत्रण आहे. या अभ्यासाआधी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या ९,७४९ रुग्णांचे असेच चार गट पाडले गेले होते. तेही पाठ्यपुस्तकातल्या वर्गवारीशी जुळले नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली आणि पुढे ताल बिघडला, असे रुग्ण भारतात अजूनही पुष्कळ आहेत. पाश्चात्त्य नोंदींवर शिकलेलं यंत्र त्यांना ओळखणार कसं? त्यासाठी आपल्या रुग्णालयांनी आपल्या नोंदी नीट ठेवायला आणि एकत्र करायला हव्यात.

तोवर वाचकांना एकच सांगणं: बीटा ब्लॉकर सुरू असेल तर हा लेख वाचून तो मनाने बंद करू नका. ही गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं.