मोरी तुंबली, तर आधी बाटली खाली ठेवा

बकरीदचा दुसरा दिवस. पाहुणे जेवून उठले, देगच्या धुवायला घेतल्या आणि सिंकमधले पाणी जागचे हलेना. मुलाने पाइप मोकळा करायची पावडर आधीच टाकली होती. तेवढ्यात अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फरशी धुवायचे ॲसिड घेऊन आल्या. मी घाईने त्यांचा हात धरला.

अशा पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. त्यावर ॲसिड पडले की एकदम उष्णता होऊन उकळते पाणी चेहऱ्यावर उडते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून एकावर दुसरे औषध कधीच ओतू नका.

आमच्या धर्माबादची मिरची सालनाला लाल तर्री आणते. पण त्या तर्रीसोबत मटणाची चरबीही सिंकमध्ये जाते. गरम असताना ती पातळ असते, पाइपात थंड झाली की मेणासारखी चिकटते. त्यावर भाताची शिते, चहापत्ती बसते आणि वाट बंद होते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच चरबीचा गोळा सापडला होता: लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन!

औषध टाकलेले नसेल, तर उपाय सोपा आहे. साचलेले पाणी मगाने काढा. थोडे पाणी राहू द्या आणि रबरी पंप भोकावर घट्ट बसवून पंधरा-वीस वेळा दाबा. तरीही पाणी उतरले नाही, तर सिंकखालच्या वाकड्या नळीखाली बादली ठेवा, हातमोजे घाला आणि नळीच्या चकत्या हाताने फिरवून सोडवा. बहुतेक वेळा गाळ तिथेच असतो. जुन्या ब्रशने साफ करून रबरी रिंगसह नळी पुन्हा बसवा. त्या वाकात थोडे पाणी कायम राहते, म्हणूनच नालीची दुर्गंधी घरात येत नाही. प्लॅस्टिकच्या पाइपात उकळते पाणी ओतू नका. गरम पाणी पुरे.

बाहेरचे चेंबर किंवा सेप्टिक टँक तुंबली, तर मात्र कोणालाही आत उतरवू नका, पैसे देऊनही नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही वाचत नाही. साधनांशिवाय असे काम करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. नगरपालिकेला कळवा, उपसा करणारी गाडी मागवा.

आमचे सिंक त्या दिवशी तसेच ठेवले आणि भांडी अंगणात धुतली. दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावले आणि नळीत पावडर आहे, हे त्याला आधी सांगितले. आता आमच्याकडे देगची आधी जुन्या कागदाने पुसली जाते, मग धुतली जाते. कागद पुढे करायचे काम अम्मीच करतात.